कॉपीवरची रेघ कुणाची?

इमारतीने तिशी ओलांडली की तिच्या कागदपत्रांचे दिवस सुरू होतात. महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे ३० वर्षे झालेल्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावे लागते. त्याच सुमारास पुनर्विकासाची बोलणी निघतात, मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज तयार होऊ लागतो, आणि इंजिनीअर, आर्किटेक्ट, वकील असे सगळे एकच वस्तू मागू लागतात : मंजूर नकाशा. सोसायटीच्या सचिवांच्या कपाटातून तो बाहेर येतो तेव्हा घड्यांवर फाटलेला असतो, मागून सेलोटेप लावलेली असते, निळ्या रेघा उडून जांभळट झालेल्या असतात. कल्याण-उल्हासनगरमधल्या विठ्ठलवाडीच्या दोन्ही अंगांना, म्हणजे कोळसेवाडी-चिंचपाड्याकडे आणि उल्हासनगरच्या कॅम्पांकडे, काही घरांत तर २६ जुलै २००५च्या पुराचे डागही त्यावर असतात. वालधुनी नदी ज्यांच्या तळमजल्यात शिरली होती, त्यांच्या कपाटांतले कागद अजून ओळखता येतात.

हा कागद घेऊन सचिव मोठ्या साईजच्या झेरॉक्सवाल्याकडे जातात. कॉपी निघते, तिच्यावर वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ असते. दुकानदार म्हणतो, ‘काका, ओरिजिनलच तसं आहे.’ काका पैसे देऊन निघतात, आर्किटेक्ट कॉपी नाकारतो, काका पुन्हा दुसऱ्या दुकानात पैसे देतात. दुकानदार खोटेच बोलत असतो असे नाही. पुष्कळदा त्यालाही रेघ कुठून आली ते माहीत नसते. ते पाच मिनिटांत कळू शकते, आणि कळले की पैसे कुणी भरायचे हेही ठरते.

आधी भावाचे

ए-झिरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, बरोबर एक चौरस मीटर. ए-वन त्याच्या निम्मा, ए-टू त्याच्याही निम्मा. तेव्हा भावही साधारण निम्म्या-निम्म्याने उतरायला हवा. ए-वनला ए-झिरोच्या जवळपास पैसे मागितले तर कारण विचारायला हरकत नाही. काही दुकाने चौरस फुटावर भाव सांगतात. ए-झिरो पावणेअकरा चौरस फुटांचा भरतो, हा आकडा डोक्यात ठेवला की तुलना करता येते.

खिशाचा अंदाज बांधायचा तर ए-झिरोच्या साध्या काळ्या कॉपीला ५० ते १०० रुपये, रंगीत रेघांच्या कॉपीला १५० ते ३००, आणि स्कॅन करून फाईल घ्यायला ५० ते २०० रुपये धरून चाला. स्कॅनच्या भावात एवढी तफावत आहे, कारण काळा-पांढरा स्कॅन आणि रंगीत स्कॅन हे दोन वेगळे माल आहेत. दुकानात आधी एवढेच विचारा : भावात कागद धरला आहे का, स्कॅनचे पैसे वेगळे का, आणि फाईल पेनड्राइव्हवर देणार का. कोर्ट-पालिकेच्या आसपास, म्हणजे कल्याण पश्चिमेला, गर्दी जास्त आणि सवड कमी. नकाशा नाजूक असेल तर गर्दीची वेळ टाळलेली बरी.

माझे मत असे, की अशा कामात कॉपीवर पैसे घालण्याआधी स्कॅनवर घालावेत. समजा सहा ए-झिरो शीट आहेत आणि चार संच हवेत. रंगीत स्कॅन १५० रुपयांनी ९०० रुपये, काळ्या कॉप्या ८० रुपयांनी १,९२० रुपये. एकूण २,८२० झाले. स्कॅन वाचवून थेट चार वेळा मूळ कागद मशीनमधून काढला तर ९०० वाचतात खरे, पण आधीच फाटका कागद चार वेळा रोलरखालून जातो आणि पुढच्या महिन्यात पाचवा संच लागला की पाचव्यांदा. शिवाय १,९२० रुपयांच्या संचावर रेघ निघाली तर सगळा संच रद्दीत. फाईल एकदा तपासली की चोवीस कॉप्या तपासाव्या लागत नाहीत.

रेघेचा माग

मोठ्या साईजच्या स्कॅनरमध्ये घरातल्या छोट्या स्कॅनरसारखा दिवा सरकत नाही. वाचणारे सेन्सर जागच्या जागी असतात आणि कागद त्यांच्यावरून ओढला जातो. त्यामुळे काचेवर मोहरीएवढा डाग असला तरी तो कॉपीवर डाग म्हणून येत नाही. कागद जितका लांब, तितकी लांब रेघ होऊन येतो. सेलोटेपचा चिकटा, करेक्शन फ्लुइडचा कण, कुणीतरी न काढलेल्या स्टेपलर पिनेने ओढलेला ओरखडा, अशी या रेघांची घराणी असतात.

छापणारा भाग वेगळ्या रीतीने बिघडतो. शाईच्या प्लॉटरमध्ये छापणारे हेड रोलच्या रुंदीत डावीकडे-उजवीकडे फिरते आणि कागद थोडा थोडा पुढे सरकतो. हेडची काही छिद्रे बुजली तर रुंदीत जाणाऱ्या बारीक पांढऱ्या रेघा पडतात, किंवा ठराविक अंतराने फिकट पट्टे. म्हणजे कागद मशीनमधून ज्या दिशेने निघतो त्या दिशेची रेघ असेल तर पहिला संशय स्कॅनरच्या काचेवर, आणि रुंदीतल्या रेघा असतील तर हेडवर. यात दोन अडचणी आहेत. एक, कागद वाचवायला मशीन नकाशा ९० अंशांत फिरवून छापू शकते. मग दिशांची अदलाबदल होते. दुसरी, टोनरवर चालणारे मोठे कॉपियर. त्यांत छापतानाचा दोषही कागदाच्या लांबीत रेघ पाडू शकतो. आणि तोच ठिपका ठराविक अंतरावर पुन्हा पुन्हा येत असेल तर एखादा ड्रम किंवा रोलर खराब आहे; दर फेऱ्याला तो आपली सही करतो.

म्हणून दिशेवर सगळी भिस्त ठेवू नका, तीन गोष्टी करून पाहा. पहिली : कॉपी न काढता फक्त स्कॅन करायला सांगा आणि दुकानाच्या स्क्रीनवर फाईल १०० टक्के आकारात उघडा. पूर्ण पान स्क्रीनवर मावेल एवढे लहान करून पाहिले तर बारीक रेघ दिसतच नाही. फाईलमध्ये रेघ नाही आणि कागदावर आहे, तर दोष छापणाऱ्या भागाचा. तुमच्या नकाशाला नावे ठेवायचे कारण नाही. दुसरी : फाईलमध्येही रेघ असेल तर मूळ कागद उलट टोकाकडून घाला, किंवा चार बोटे बाजूला सरकवून घाला. रेघ नकाशाबरोबर सरकली तर ती नकाशावरच आहे. नकाशा सरकला आणि रेघ मशीनच्या त्याच जागी राहिली, तर ती काचेची. तिसरी : मशीनमध्ये साठवलेले त्याचे स्वतःचे टेस्ट प्रिंट काढायला सांगा. तेच तुटक आले तर हेड क्लिनिंग करावे लागेल, आणि त्याचा खर्च तुमच्या बिलात येत नाही.

आणखी एक दोष फसवा असतो. ३६ इंच रुंदी एकाच सेन्सरने वाचलेली नसते. अनेक सेन्सर किंवा कॅमेरे शेजारी-शेजारी बसवून त्यांची चित्रे जोडलेली असतात. जोड चुकला की लांब तिरकी रेघ एका ठिकाणी केसभर पायरी घेते. भिंतीच्या उभ्या-आडव्या रेघांत हे लपते. जिन्याच्या किंवा प्लॉटच्या तिरक्या हद्दीवर पाहा. हा दोष काच पुसून जात नाही, त्याला कॅलिब्रेशन करावे लागते. दुकानदार ‘थोडं चालतं’ म्हणाला तर हद्दीच्या नकाशाला ते चालत नाही, असे सांगा.

नकाशा तयार करून न्या

मोठ्या साईजच्या अनेक स्कॅनरमध्ये कागद काचेला टेकलेला असेल तरच स्पष्ट वाचला जातो. घडीपाशी तो जरा उचलला की तिथली अक्षरे धूसर होतात आणि बाजूला करडी सावली पडते. तेव्हा आदल्या रात्री नकाशा उलगडून, घड्या उलट्या बाजूने हलक्या दाबून, गादीखाली सपाट ठेवा. इस्त्री फिरवू नका. जुन्या निळ्या रेघांच्या अमोनिया प्रिंटला उष्णता सोसत नाही. पिना काढा. जुनी सेलोटेप ओढून काढायला जाऊ नका, कागदाचा थर तिच्याबरोबर येतो. फाटका नकाशा पारदर्शक फोल्डरमध्ये घालून स्कॅन करायला सांगा. बहुतेक चांगल्या दुकानांत असा फोल्डर असतो, नसेल तर ते दुकान तुमच्या कामाचे नाही. ट्रेसिंग पेपर असेल तर मागे पांढरा कागद. आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. चकाकीने स्कॅनवर पांढरे डाग पडतात आणि ते परत निघत नाही.

पिवळे गायब, लाल काळे

पालिकेला सादर होणाऱ्या नकाशात रंगांना अर्थ असतो. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, तिच्यात आणि तिच्या आधीच्या नियमांतही हे ठरलेले आहे : प्रस्तावित बांधकाम लाल, पाडायचे बांधकाम पिवळ्या तिरक्या रेघांत, सांडपाण्याची वाहिनी लाल तुटक, रस्ता हिरवा. अमोनिया प्रिंटवर अस्तित्वातले बांधकाम निळ्या रेषेत असते. काळ्या-पांढऱ्या कॉपीत लाल भाग काळा होऊन जुन्यात मिसळतो आणि पिवळा पार्श्वभूमी साफ करताना उडूनच जातो. पाडायची भिंत उभी राहते. शिक्क्यावरच्या फिकट जांभळ्या शाईचीही तीच गत. म्हणून कॉप्या काळ्या काढल्या तरी स्कॅन रंगीतच घ्यावा. इथे वाचवलेले शंभर रुपये महागात पडतात.

जुन्या अमोनिया प्रिंटची जमीनच निळसर-तपकिरी झालेली असते. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये ती सगळी काळ्या ठिपक्यांनी भरून येते, मग दुकानदार ‘लाईट’ करतो, मग ठिपके जातात आणि त्यांच्याबरोबर बारीक मापेही. मशीनच्या मेनूत बहुधा जुना कागद किंवा ब्लूप्रिंट असा पर्याय असतो. घाईत कुणी तो निवडत नाही. तो निवडायला सांगा. कॉपी हातात आली की मोठ्या रेघा बघत बसू नका, त्या येतातच. एरिया स्टेटमेंटचा तक्ता वाचा. ३ आणि ८ वेगळे ओळखू येतात का, दशांशचिन्ह आहे का, ते पाहा. ३.०५ मीटरचे ३०५ झाले की पुढे एफएसआयच्या हिशेबात कुणीतरी डोके धरणार.

फूटपट्टी घेऊन जा

एवढी एक वस्तू सोबत न्यावी असे कुणी सांगत नाही. १:१०० च्या नकाशात १० मीटरची भिंत १० सेंटिमीटर भरली पाहिजे. कॉपी एक टक्क्याने लहान निघाली तर डोळ्यांना कळत नाही, पण ए-झिरोच्या लांब बाजूवर १२ मिलिमीटर, म्हणजे जागेवर जवळजवळ सव्वा मीटर गेला. उभी आणि आडवी अशी दोन लिहिलेली मापे मूळ नकाशावर आणि कॉपीवर मोजा. दोन्ही दिशांत सारखीच घट असेल तर कुणीतरी पान कागदात बसवायचा पर्याय चालू ठेवला आहे. तो बंद करून १०० टक्के ठेवा. एकाच दिशेत असेल तर कागद रोलरखाली घसरला, आणि त्याला उपाय तोच पारदर्शक फोल्डर. मूळ कागदच ताणला-आखडला असेल, विशेषतः पावसाळ्यात ट्रेसिंग, तर मशीनचा दोष नाही. कॉपीवरून कॉपी मात्र काढू नका. प्रत्येक पिढीत ही चूक वाढत जाते.

हे फक्त नकाशांपुरते नाही. उल्हासनगरच्या जीन्सच्या धंद्यात पॅटर्नचे कागदही मोठ्या प्लॉटरवरच निघतात. ३२ इंच कमरेवर एक टक्का म्हणजे आठ मिलिमीटर. लॉट कापून झाल्यावर ते कळले तर कापड परत जुळत नाही.

फाईल कशी मागायची

नुसत्या रेघांच्या स्वच्छ नकाशाला २०० डीपीआय चालतो. जुन्या, हाताने लिहिलेल्या मापांच्या नकाशाला ३०० मागा. ६०० डीपीआयचा आग्रह धरू नका. ३०० डीपीआयला ए-झिरोची रंगीत फाईल न दाबता चारशे एमबीच्या वर जाते, ६०० ला त्याच्या चौपट, आणि झिजलेल्या कागदातून जास्तीचे काही हाती लागत नाही. कमी दाबलेली पीडीएफ किंवा टिफ घ्या. फार दाबलेल्या फाईलमध्ये अक्षरांभोवती करडी धूळ दिसते. कॉपीत ती डाग होऊन उतरते. आणि हा सगळा खटाटोप करून फाईल समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो म्हणून टाकली तर तो पाण्यात गेला. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाईल दोन ठिकाणी ठेवा.

ज्यांच्याकडे मशीन आहे

छोट्या आर्किटेक्ट ऑफिसांसाठी आणि नवे दुकान टाकणाऱ्यांसाठी थोडे. रेघ आली की आधी तंत्रज्ञाला फोन करू नका. मशीन बंद करून स्कॅनरचे झाकण उघडा, धागे न सुटणारे कापड पाण्याने किंचित ओले करून काच आणि समोरची पांढरी पट्टी पुसा, कोरडी करा. काचेवर थेट फवारा मारायचा नाही; ॲसिटोन, थिनर तर नाहीच. मग मशीन तापू द्या आणि सोबत आलेल्या कॅलिब्रेशन शीटने कॅलिब्रेशन करा. ही शीट मळली, दुमडली की कॅलिब्रेशनच चुकते. सेकंडहँड मशीन घेताना छापील पानांची संख्या सगळे विचारतात, शीट आहे का हे विचारा. आणि कोऱ्या कागदाचा, पार्श्वभूमी साफ न करता, स्कॅन काढून बघा. काचेचे सगळे चरित्र त्यात येते.

पावसाळ्यात रोल मशीनवर चढवून ठेवू नका. दमट कागदावर शाई पसरते, टोनर नीट चिकटत नाही आणि फिकट चट्टे येतात. लोक त्यावर हेड बदलतात. हेड काही हजारांचे, तंत्रज्ञाची फेरी हजार-दीड हजाराची धरा, सेन्सरचे मॉड्यूल बदलायचे तर आकडा पाच अंकांत जाईल. रोल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवायला काही लागत नाही. तंत्रज्ञाला बोलावलेच तर आधी स्कॅनची फाईल आणि टेस्ट प्रिंट दोन्ही दाखवा, नाहीतर पहिली फेरी फक्त बघण्यात जाते.

बिल, तक्रार आणि मूळ नकाशाच गेला असेल तर

बिल मागा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे वस्तू किंवा सेवेचे बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर साईज, संख्या आणि रंगीत की काळी हे लिहून घ्या. वाद झालाच तर तेवढेच कामाचे. दोनशे रुपयांसाठी कुणी जिल्हा आयोगाकडे जाणार नाही, पण दुकानाने तुमचा एकमेव मूळ नकाशा मशीनमध्ये फाडला तर गोष्ट वेगळी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर आधी तक्रार नोंदवता येते. आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. धंद्यासाठी मशीन घेणाऱ्याला मात्र या कायद्याचे दार सहसा बंद असते. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असेल तर उघडे.

कितीही चांगली कॉपी झाली तरी ती प्रमाणित प्रत होत नाही. ती नगररचना विभागातूनच मिळते, आणि मूळ नकाशा वाचण्यापलीकडे गेला असेल तर स्कॅनवर पैसे घालण्यापेक्षा तोच रस्ता धरावा. कल्याण-डोंबिवलीच्या हद्दीत असाल तर शंकरराव चौकातले मुख्यालय, उल्हासनगरच्या हद्दीत असाल तर तिथली पालिका. विठ्ठलवाडीत काही गल्ल्या कुणाच्या हद्दीत येतात हे आधी विचारून घ्यावे लागते. माहिती अधिकारात अर्जाला १० रुपये, ए-फोर वा ए-थ्री पानाला २ रुपये, आणि त्याहून मोठ्या नकाशाला प्रत्यक्ष येणारा खर्च. अर्जात मंजुरीचा क्रमांक, तारीख आणि सर्व्हे नंबर लिहा. मंजुरीचा क्रमांक आणि तारीख जुन्या नकाशावरच्या शिक्क्यात असते. शिक्का अजून वाचता येत असेल तर आजच त्याचा दिवसाउजेडी मोबाईलवर फोटो काढून ठेवा.